हिरवळीची खरडणी व छिद्रणी : यंत्र चालविण्यापूर्वी काय पाहावे?

हरळीशी आपले नाते दुहेरी आहे. शेतात तिच्या काशा वेचता वेचता कंबर मोडते आणि तीच हरळी घरापुढे, कृषी पर्यटन केंद्रात किंवा रस्त्यालगतच्या मंगल कार्यालयाच्या लॉनवर मात्र आपण पाणी घालून जपतो. अलीकडे अनेक शेतकऱ्यांनी अशी लॉन्स जोडधंदा म्हणून उभी केली आहेत. पहिली दोन-तीन वर्षे हिरवळ छान दिसते. पुढे मात्र ती पिवळसर पडते, पाणी दिले तरी दुपारी कोमेजते, चालताना पाय गादीवर पडल्यासारखा दबतो किंवा पावसात जागोजाग पाणी साचते. मग वाढीव खत दिले जाते, वाढीव पाणी दिले जाते, दरवर्षी तांबड्या मातीचा थर पसरला जातो. खर्च होतो, पण हिरवळ सुधारत नाही.

याचे कारण असे, की येथे दोन वेगवेगळे विकार असतात. एक म्हणजे गवताच्या बुडाशी साठलेला मृत काड्यामुळ्यांचा थर, ज्याला बागकामात थॅच म्हणतात. दुसरा म्हणजे दडपून घट्ट झालेली जमीन. पहिल्यावर खरडणी हा उपाय आहे, दुसऱ्यावर छिद्रणी. दोन्ही कामांसाठी आता इंजिनावर किंवा विजेवर चालणारी यंत्रे मिळतात. परंतु विकार न ओळखता किंवा अवेळी यंत्र चालविले, तर चांगली हिरवळ महिनाभरात उघडी पडते. म्हणून यंत्र आणण्यापूर्वी पुढील तपासणी अवश्य करावी.

तपासणी कशी करावी?

हिरवळीच्या तीन-चार ठिकाणी खुरप्याने १० सें.मी. खोल पाचरीसारखा तुकडा कापून उचलावा. त्यात वर हिरवी पाने, मध्ये तपकिरी स्पंजासारखा थर आणि खाली माती दिसेल. मधला थर पट्टीने मोजावा. तो १ सें.मी.पर्यंत असेल तर काळजीचे कारण नाही. एवढा थर ओलावा धरून ठेवतो व पायदळीपासून गवताच्या बुडाचे रक्षण करतो. थर सव्वा सें.मी.पेक्षा जाड असेल तर मुळे मातीत न जाता त्या थरातच पसरतात. हा थर लवकर वाळतो आणि एकदा वाळला की पाणी पिण्याऐवजी ते वरून वाहून जाऊ देतो. पाणी देऊनही हिरवळ कोमेजते ती यामुळे.

दुसरी तपासणी जमिनीची. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सायकलचा जाड आरा किंवा लांब पेचकस हाताने जमिनीत दाबावा. तो सहज १० सें.मी. गेला तर जमीन मोकळी आहे. तीन-चार सें.मी.वर अडला तर जमीन दडपलेली आहे, असे समजावे. पायवाटा, मांडवाची व खुर्च्यांची जागा आणि वाहने वळतात ती बाजू येथे हा दोष हमखास आढळतो.

तुकडा उचलताना आणखी एक गोष्ट पाहावी. हिरवळ सतरंजीसारखी सहज सुटून आली आणि खाली इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या पांढऱ्या अळ्या दिसल्या, तर तो हुमणीचा उपद्रव आहे. अशा ठिकाणी आधी हुमणीचा बंदोबस्त करावा. मुळेच खाल्लेल्या गवतावर खरडणी यंत्र चालविल्यास काहीच शिल्लक राहणार नाही.

थर का साठतो?

कापलेली पाने हिरवळीवर राहिल्याने थर वाढतो, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तो बरोबर नाही. कोवळ्या पानांत पाण्याचे प्रमाण जास्त असल्याने ती लवकर कुजतात. थर वाढतो तो धावत्या खोडांचा, काशांचा व जुन्या मुळांचा. हे भाग काष्ठमय असल्याने सावकाश कुजतात. नत्र खत भरमसाट दिले, रोज थोडे थोडे पाणी दिले आणि कापणी लांबवली, की गवत कुजण्यापेक्षा वेगाने वाढते व थर साठतो. जमीन दडपलेली असेल तर हवेअभावी कुजणे आणखी मंदावते. त्यामुळे हे दोन्ही विकार पुष्कळदा एकत्र आढळतात.

योग्य वेळ कोणती?

संपूर्ण लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी : खरडणी ही गवताला केलेली जखम आहे आणि ती गवत जोमात वाढत असतानाच भरून येते. आपल्याकडील हरळी, कोरियन कार्पेट गवत व सेंट ऑगस्टीन ही सर्व उष्ण हवामानातील गवते आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्यांची वाढ मंदावते. त्या वेळी खरडलेली हिरवळ फेब्रुवारीपर्यंत तशीच उघडी राहते आणि मोकळ्या जागेत तणे शिरतात.

देशावर, विदर्भात व मराठवाड्यात मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा हा खरडणीसाठी सर्वांत सोयीचा काळ आहे. उष्णता असते आणि पुढे पावसाचे पाणी मिळते. कोकणात मुसळधार पाऊस सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मेच्या मध्यास, पाण्याची सोय असल्यास हे काम उरकावे. लॉनचा व्यवसाय करणाऱ्यांना यात आणखी एक फायदा आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात लग्ने फारशी नसतात. जूनमध्ये खरडलेल्या हिरवळीला भरून येण्यास तेवढी विश्रांती मिळते आणि तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो तेव्हा ती तयार असते. याउलट, हंगामाच्या तोंडावर हिरवळ चांगली दिसावी म्हणून नोव्हेंबरमध्ये खरडणी केली, तर ऐन हंगामात ग्राहकांना उघडी माती दाखवावी लागते.

छिद्रणीने हिरवळीला इजा कमी होते. म्हणून ती जूनमध्ये खरडणीबरोबर आणि गरज असल्यास पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा करता येते. पाण्याची टंचाई असलेल्या उन्हाळ्यात दोन्ही कामे टाळावीत. लावणीला एक वर्ष पूर्ण न झालेल्या हिरवळीवरही ही यंत्रे चालवू नयेत.

जमिनीला वाफसा असणे आवश्यक आहे. कोरड्या जमिनीत छिद्रक यंत्राचे दात पुरेसे शिरत नाहीत. चिखलात चाकांखाली जमीन आणखी दडपते. काळ्या जमिनीत ही काळजी विशेष घ्यावी. पाऊस नसल्यास एक-दोन दिवस आधी भरपूर पाणी द्यावे.

यंत्राची निवड

खरडणी यंत्रात आडव्या दांड्यावर उभी पाती बसविलेली असतात. ती वेगाने फिरून थर उभा चिरतात व वर काढतात. रोटाव्हेटर किंवा पॉवर वीडर हे काम करीत नाही. त्याने हिरवळ मुळासकट उलटते. खांद्यावरील ब्रश कटर फक्त गवत छाटतो, थर काढत नाही.

छिद्रणीसाठी पोकळ दातांचे यंत्र निवडावे. पोकळ दात मातीची कांडी बाहेर काढतात, त्यामुळे जमिनीत खरोखर जागा होते. भरीव खिळ्यांचे यंत्र माती बाहेर न काढता बाजूला दाबते. दडपलेल्या चिकण जमिनीत त्याचा उपयोग मर्यादित आहे.

यंत्र विकत घ्यावे का? याचा हिशोब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौ. मीटर. दर १० सें.मी.वर एक छिद्र घेतले तर गुंठ्याला सुमारे १०,००० छिद्रे होतात. चार दातांच्या बागकाम काट्याने ती पाडायची तर २,५०० वेळा काटा दाबावा लागेल. घरापुढील पाव गुंठ्याच्या हिरवळीसाठी हे काम हाताने, दोन-तीन दिवसांत विभागून करता येते. थर खरडण्यासाठी तेथे लोखंडी दाताळे पुरेसे आहे. क्षेत्र त्याहून मोठे असल्यास यंत्र परवडते, पण ते वर्षातून एक-दोन दिवसच लागते. म्हणून भाड्याने घ्यावे किंवा परिसरातील रोपवाटिका व लॉनधारकांनी मिळून एक घ्यावे.

प्रत्यक्ष कामाची पद्धत

१. तुषार सिंचनाची तोंडे, ठिबकच्या नळ्या व जमिनीतील विजेच्या तारा यांच्या जागी काठ्या रोवून खुणा कराव्यात. दगड, खिळे, मांडवाच्या तारा वेचून काढाव्यात.

२. दोन-तीन कापण्यांत गवताची उंची हळूहळू २ ते २.५ सें.मी.वर आणावी. सेंट ऑगस्टीन गवत इतके खाली कापू नये.

३. खरडणी यंत्राची पाती मातीला जेमतेम टेकतील, फार तर ५ मि.मी. आत जातील अशी ठेवावीत. हरळीसाठी पात्यांतील अंतर २.५ ते ५ सें.मी. असावे. सेंट ऑगस्टीनला जमिनीखालच्या काशा नसतात, ते केवळ वरच्या धावत्या खोडांवर जगते. म्हणून त्यासाठी सुमारे ७.५ सें.मी. अंतर ठेवावे व एकाच दिशेने एक फेर घ्यावा.

४. प्रथम एका कोपऱ्यात दोन मीटर चालवून पाहावे. तपकिरी काडीकचरा वर येत असेल तर जुळणी योग्य आहे. पांढऱ्या मुळांसह हिरवे झुबके उपटून येत असतील तर पाती वर घ्यावीत. जुळणी झाल्यावर हरळीवर एक उभा व एक आडवा फेर द्यावा. थर २.५ सें.मी.हून जाड असल्यास तो एकाच वेळी पूर्ण काढू नये; उरलेले काम पुढील वर्षी करावे.

५. कचरा गोळा करून मग छिद्रणी करावी. छिद्रे ५ ते १० सें.मी. खोल असावीत. वळताना दात वर उचलूनच यंत्र फिरवावे, नाहीतर हिरवळ फाटते.

६. मातीच्या कांड्या एक दिवस वाळू देऊन दाताळ्याच्या पाठीने फोडाव्यात. भारी काळ्या जमिनीतील चिकट कांड्या मात्र उचलून घ्याव्यात.

७. दोन भाग जाड वाळू व एक भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत यांचे मिश्रण पसरून झाडूने छिद्रांत लोटावे. ५ मि.मी. जाडीने पसरल्यास गुंठ्याला सुमारे अर्धा घनमीटर, म्हणजे ब्रासच्या पाचव्या भागाहूनही कमी मिश्रण लागते. दरवर्षी तांबड्या मातीचा जाड थर टाकण्याची पद्धत सोडावी. काळ्या जमिनीवर वेगळ्या मातीचे थर साचले की पाणी व मुळे त्या सांध्यावर अडतात. शिवाय न चाळलेल्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी येतात.

८. लगेच पाणी द्यावे. नवे फुटवे दिसू लागल्यावर, साधारण आठ दिवसांनी, गुंठ्यास अर्धा किलो युरिया द्यावा व पुन्हा पाणी द्यावे. तीन आठवड्यांनी तेवढीच मात्रा द्यावी. हरळी सुमारे तीन ते चार आठवड्यांत भरून येते. कोरियन कार्पेट गवत सावकाश वाढते, त्याला अधिक अवधी द्यावा. तोपर्यंत हिरवळीवर वर्दळ ठेवू नये व रूळ फिरवू नये.

काढलेल्या कचऱ्याचे काय करावे?

ही बाब किरकोळ वाटते, पण शेतकऱ्याचे खरे नुकसान येथे होऊ शकते. खरडणीत निघालेल्या कचऱ्यात हरळीच्या जिवंत कांड्या असतात. प्रत्येक पेरातून नवे रोप उभे राहू शकते. हा कचरा बांधावर, उकिरड्यावर किंवा पिकात आच्छादन म्हणून टाकल्यास हिरवळ सुधारेल, पण शेत हरळीने भरेल. कचरा सिमेंटच्या खळ्यावर किंवा जुन्या ताडपत्रीवर पातळ पसरून कडक उन्हात पूर्ण वाळवावा. खडखडीत वाळल्यानंतरच तो कंपोस्ट खड्ड्यात टाकावा.

सुरक्षिततेच्या सूचना

• जाड बूट, पूर्ण पँट व डोळ्यांना चष्मा वापरावा. पात्याखालचा खडा गोळीसारखा उडतो. मुलांना व जनावरांना दूर ठेवावे.

• अडकलेला कचरा काढण्यापूर्वी इंजिन बंद करून प्लगची तार काढावी. विजेच्या यंत्राची पिन काढावी.

• विजेचे यंत्र ओल्या हिरवळीवर चालवू नये. तार खांद्यावरून मागे ठेवावी व जोडणीवर गळती-संरक्षक स्विच असावा.

• गरम इंजिनात पेट्रोल भरू नये. भरण्याचे काम हिरवळीबाहेर करावे. सांडलेल्या पेट्रोलने गवत जळते.

• छिद्रक यंत्र जड असते. ते चालू असताना स्वतःकडे मागे ओढू नये.

शेवटी एवढेच, की हे काम दरवर्षी केलेच पाहिजे असे नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यात, खुरप्याने तुकडा कापून थर मोजावा. नत्र मोजून द्यावे, रोजच्या शिडकाव्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने खोलवर पाणी द्यावे, कापणी वेळेवर करावी आणि वाहनांना वेगळी वाट द्यावी. असे केल्यास खरडणी यंत्राची गरज काही वर्षांतून एखाद्या वेळीच भासेल आणि भाड्याचे पैसेही वाचतील.