हरवलेला रानपिंगळा कसा सापडला?

रानपिंगळा हे मध्य भारतातील एक लहानसे घुबड. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर मात्र त्याची खात्रीची नोंद मिळेना. पक्षी नामशेष झाला असावा, असे अनेकांना वाटू लागले.

अपवाद एकच. माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘१९१४, मांडवी, गुजरात’ अशी नोंद होती. पामेला रासमुसेन यांनी हा नमुना बारकाईने तपासला. तो नव्याने पेंढा भरलेला, पण मुळात डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला जुनाच नमुना निघाला! संग्रहालयातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. म्हणजे मांडवीचा माग खोटा होता.

मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी खऱ्या नोंदींची ठिकाणे धुंडाळली. पूर्वेकडील जंगलांत पक्षी दिसला नाही. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो दिसला, तोही दिवसाउजेडी! साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात; याच्या डोक्यावर ते जवळजवळ नव्हते. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे होते. तिघांनी खुणा पडताळल्या, चित्रीकरणही केले. पुढे मेळघाट व तानसा येथेही रानपिंगळा आढळला.

एका खोट्या चिठ्ठीने शोधाची दिशा चुकवली. खऱ्या चिठ्ठ्यांनी ती दाखवली. म्हणून पक्षिनिरीक्षणाच्या वहीत विद्यार्थ्यांनी तारीख, ठिकाण आणि दिसलेल्या खुणा लिहाव्यात. ओळख पटली नसेल, तर तेही प्रामाणिकपणे लिहावे.