खानदेश पायी पायी : कोरडी फेरी

चिमठाण्याला लुटलेल्या सरकारी खजिन्याची गोष्ट सांगायचं मागच्या आठवड्यात कबूल केलं होतं. ते आज नाही. खजिना १९४४ पासून लुटलेलाच आहे, आणखी एक आठवडा थांबला तर काही बिघडत नाही. मध्ये आलंय चाळीसगावच्या एका वाचकांचं पत्र. त्यांचा भाचा लंडनला असतो. गेल्या उन्हाळ्यात त्यानं मामांना एका संध्याकाळी जुन्या पबांच्या पायी फेरीला नेलं. पुढे छत्री उंच धरून वाटाड्या, मागे दहा-पंधरा माणसं, आणि दर थांब्यावर अर्धा घोट बिअर नि अर्धा तास इतिहास. मामांनी बिअरला हात लावला नाही, हे त्यांनी पत्रात दोन ठिकाणी लिहिलंय. मामीही हे सदर वाचतात असं दिसतं. शेवटी प्रश्न असा : “तुम्ही आम्हाला वाडे दाखवले, बारवा दाखवल्या. धुळ्यात नाहीतर जळगावात अशी फेरी निघेल का, की प्रश्नच वाह्यात आहे?”

वाह्यात मुळीच नाही. हा माझा फार दिवसांचा विषय, केवळ भिडेखातर मागे ठेवलेला. आता वाचकांनीच दार उघडून दिलंय, तर अख्खा लेखांक त्यावर खर्च करतो.

आधी लंडनचं बघू. टेम्सच्या दक्षिणेला सदर्क भागात ‘जॉर्ज इन’ म्हणून जागा आहे. १६७६ च्या आगीत जळाली, १६७७ मध्ये पुन्हा बांधली, ती आजही उभी आहे. घोडागाड्यांचं अंगण, त्यावर लाकडी सज्जे, आणि आत लोक पीत बसलेले. जुन्या वास्तू सांभाळणारी ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था तिची मालक. म्हणजे आपल्याकडे लेणी सांभाळतात तसा तिथे गुत्ता सांभाळतात. हे तिथे का जमलं? १५५२ पासून तिथे दारू विकायला न्यायाधीशांचा परवाना लागे, आणि हळूहळू तो परवाना त्या वास्तूलाच चिकटत गेला. मालक मेला, विकून गेला, दिवाळं निघालं, तरी ‘इथे दारू मिळते’ ही त्या घराची ओळख पुसली जात नसे. मग माणूस त्या घरावर पैसा घालतो, चांगलं लाकूड वापरतो, पाटी रंगवतो.

आपल्याकडे झालं ते नेमकं उलट. कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या राज्यात दारू विकण्याचा हक्क लिलावात निघायचा. ज्याची बोली मोठी त्याला मक्ता. मुदत संपली की पुन्हा बोली. यंदाचा मक्तेदार पुढच्या साली टिकेल याची शाश्वती नाही, मग भिंतीला चुना तरी कोण लावणार? कुडाची खोली, एक फळी, दोन पिंपं, मातीच्या कुल्हडी, झालं दुकान. माझा तर्क असा, की खानदेशात जुना गुत्ता म्हणून दाखवायला एकही देखणी इमारत उरली नाही, याचं खापर दारूबंदीवर फोडतात ते अर्धंच खरं. दारूबंदी यायच्या कितीतरी आधी लिलावानं त्या इमारती उभ्याच राहू दिल्या नव्हत्या.

म्हणून आमची फेरी गुत्त्यापासून निघत नाही, कचेरीच्या बाजूनं निघते. दारूचा इथला इतिहास पिणाऱ्यांपेक्षा वसूल करणाऱ्यांच्या दारात जास्त सापडतो.

धुळ्यापासून धरू. कॅप्टन जॉन ब्रिग्ज १८१८ मध्ये खानदेशात आला, आणि पुण्याहून हिंदुस्थानात जाणाऱ्या वाटेवरचं गाव म्हणून त्यानं १८१९ मध्ये धुळ्याला कचेऱ्या बांधायला घेतल्या. त्या वेळी गावात घरं ४०१ आणि माणसं २,५०९. लांबलांबून कारागीर आणले, वसायला येणाऱ्याला जागा कायमची बिनभाड्याची, वर घर बांधायला तगाई. आजच्या नंबरवार गल्ल्यांत हिंडताना ही सरळ आखणी पायांना कळते. जुन्या धुळ्याच्या बोळांत शिरलं की तीच पावलं अडखळतात. कचेरी आली की शिपाई, कारकून, वकील, गाडीवान आले. त्यांच्या मागोमाग कलाल आलाच.

तोवर कलालाचा धंदा गावठी होता. गावोगाव भट्टी, आणि भट्टीत मोह. शहरातल्या वाचकांना मोह म्हणजे काय ते नीट सांगायला हवं. सातपुड्यात, अक्राणी-धडगावच्या बाजूला, मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या सुमाराला मोहाची फुलं गळायला लागतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जागा स्वच्छ केलेली असते, म्हणजे फुलं शोधत बसावी लागत नाहीत. बाया-पोरं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत हजर. ताजं फूल पिवळसर पांढरं, गुबगुबीत, हातात घेतलं की चिकट. उन्हात चार दिवस पडलं की मनुकेसारखं तपकिरी होऊन आक्रसतं. त्यातली साखरच इतकी, की पाण्यात भिजत घातलं की आपोआप आंबतं. मग मडक्यावर मडकं, मध्ये नळी, खाली जाळ, वर गार पाणी. पहिल्या धारेची नुसती आठवण काढली तरी डोळे मिचकावणारे म्हातारे मला तळोद्याच्या बाजारात भेटलेत. हेच फूल भाकरीतही जातं आणि दुष्काळात पोटाला आधार देतं, हे मात्र कचेरीतल्या साहेबाच्या हिशेबात बसलं नाही.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि गावोगावच्या भट्ट्यांना टाळं लागलं. अबकारी कमिशनर चार्ल्स प्रिचर्ड हा या धोरणाचा खरा कर्ता. दारू मोजक्या सरकारी देखरेखीच्या कारखान्यांत गाळायची, तिथेच थेंबाथेंबावर कर घ्यायचा, आणि विकायचं दुकान लिलावानं द्यायचं. १८९२ मध्ये तर मोहफुलांवरच कायदा आला. आधी तो ठाणे-कुलाब्याकडे लागू झाला. फुलं साठवणं हाच गुन्हा. झाडाचं फूल वेचलं म्हणून माणूस चौकीत! जमीनमहसुलाच्या खालोखाल सरकारला पैसा मिळायचा तो अबकारीतून, तेव्हा ही कडकई कुणाच्या आरोग्यासाठी होती असं समजायचं कारण नाही.

फेरीत या ठिकाणी मी एक बाटली काढतो. घाबरू नका, रिकामी. देशी दारूच्या दुकानात मिळणारी साधी १८० मिलीची. आग्रा रोडवर उभं राहून ती हातोहात फिरवायची आणि लेबल मोठ्यानं वाचायला सांगायचं. वासाचं नाव संत्रा. त्याखाली बारीक अक्षरात तीव्रता : ‘२५ अंडर प्रूफ’, शेजारी ४२.८ टक्के. हा आकडा कुठून आला, विचारलं की सगळे गप्प होतात. जुन्या इंग्लंडात दारूचा कस बघायचा तर तिच्यात बंदुकीची दारू भिजवायची आणि काडी लावायची. पेटली तर माल ‘प्रूफ’, विझली तर पाणी घातलेला. पुढे मोजमापाची यंत्रं आली, तसा हा कस ५७.१ टक्के मद्यार्कावर पक्का केला. त्यापेक्षा २५ टक्क्यांनी उतरता तो २५ अंडर प्रूफ. करा गुणाकार, ४२.८ येतात. इंग्लंडनं ही मोजणी १९८० साली सोडून दिली. आपली देशी मात्र अजून ती अंगावर वागवते. चाळीसगावच्या मामांना सांगायला हवं, भाच्यानं लंडनमध्ये दाखवलं नसेल इतकं जुनं इंग्लंड आपल्या पाचकंदिलाच्या गर्दीत पव्व्यावर छापलेलं आहे.

अशाच एका फेरीत आम्ही एका बंद फळीच्या दुकानापुढे थांबलो होतो. शेजारच्या ओट्यावरचे बाबा बराच वेळ आमच्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, “काय देखी ऱ्हायनात भाऊ? आठे ते काहीच नई.” मी म्हटलं, बाबा, नाही तेच बघतोय. त्यांनी सरळ मान फिरवली. त्यांचं बरोबरच होतं म्हणा.

आता दारू सोडायला लावणाऱ्यांचं. १९३० च्या सत्याग्रहात दारूच्या दुकानांवर निरोधनं झाली, बाया रस्त्यावर उतरल्या, हे शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तकात सहसा नसतं ते तळोद्याच्या बाजूचं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथे गुला महाराजांनी भिल्लांमध्ये दारू सोडण्याची चळवळ उभी केली. आरतीला हजारोंनी माणसं जमत, सगळे एकमेकांना ‘आप’ म्हणत. १९३८ मध्ये महाराज गेले, त्यांचे बंधू रामदास महाराजांनी काम पुढे चालवलं. सरकारनं ही चळवळ कौतुकानं नव्हे, संशयानं पाहिली. भिल्ल दारू सोडतो म्हणजे आणखी काय काय सोडेल, सावकाराचा उंबरा, वेठबिगार, अशी ती धास्ती. ही गोष्ट धुळ्याच्या रस्त्यावर उभं राहून सांगावी लागते, कारण तेव्हा तळोदा पश्चिम खानदेशात होतं आणि त्या जिल्ह्याची कचेरी धुळ्यात.

मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. खेरांचं सरकार, गृहमंत्री मोरारजी देसाई. एप्रिल १९५० पासून पूर्ण बंदी. मग हातभट्टी आली, सायकलच्या ट्यूबमधून माल आला, ते सगळं तुमच्या आजोबांना विचारा. मी त्यात शिरत नाही. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत पकड सैल झाली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले, आणि फळीची दुकानं जाळी लावून परत आली. गंमत अशी की कायदा रद्द झाला नाही. आजही आपल्याकडे दारू विकली जाते ती दारूबंदी कायद्याखालीच. पिणाऱ्याकडे परवाना असायला हवा : एका दिवसाचा, देशीला २ रुपये, विदेशीला ५. परमिट रूममध्ये बसलेल्यांपैकी कितींच्या खिशात तो असतो, हे विचारून कुणाची संध्याकाळ खराब करू नये.

जळगावची फेरी छोटी. रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवीच्या वर्षांत इथला कापूस सोन्याच्या भावानं गेला, आणि १८७० च्या दशकात स्टेशनाजवळ खानदेश मिल उभी राहिली. ज्या मूळजी जेठांच्या नावानं आपलं एम. जे. कॉलेज, त्यांच्याच पेढीची. मिल म्हटली की पगाराचा दिवस, पगाराचा दिवस म्हटला की दारात सावकार आणि पलीकडे गुत्ता, हे साऱ्या इलाख्यातलं चित्र. मिल गेली, त्या जागी आता मॉल आहे. तिथे मी फार वेळ थांबत नाही. पहारेकऱ्याला इतिहासाचं वावडं असतं.

जळगावातला खरा थांबा वेगळाच आहे, आणि तो अगदी अलीकडचा. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये निकाल दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत. अंमल १ एप्रिल २०१७ पासून. मग काय करायचं? दुकान हलवणं जिकिरीचं, त्यापेक्षा रस्ताच हलवला. म्हणजे डांबर जागच्या जागी, कागद हलले. शहरातले काही राज्य रस्ते महामार्गाच्या यादीतून निघून महापालिकेच्या नावावर आले. यवतमाळ, लातूरचंही तेच. शहरात त्यावरून बरंच काहूर उठलं, कारण रस्ता घेतला की खड्डेही घ्यावे लागतात आणि महापालिकेच्या तिजोरीची अवस्था तेव्हा काय होती हे जळगावकरांना सांगायला नको. जुलैमध्ये न्यायालयानंच खुलासा केला, की पालिका हद्दीतल्या दुकानांना तो आदेश लागू नाही. माझ्या मते खानदेशातल्या दारूच्या इतिहासाचं यापेक्षा बोलकं स्मारक नाही, आणि ते बघायला चपला घालून बाहेर पडलं की पुरे. इंग्लंडात रस्त्याच्या कडेला पब टिकला, आपल्याकडे बारसाठी रस्त्याचा सातबारा बदलला.

तर मामा, फेरी निघते. रविवारी सकाळी, धुळ्याच्या लहान पुलापासून. १८७२ च्या पुरात पांझरेनं काय काय नेलं ते पुलावरच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वेळ जात नाही. भाचा आला तर त्यालाही आणा.

नवापूरचं स्टेशन राहिलंच : अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा दारूबंदीच्या गुजरातमध्ये. ते चिमठाण्याच्या आधी घ्यावं की नंतर, हे अजून ठरत नाही. खजिना धुळ्याहून नंदुरबारकडेच निघाला होता, तेव्हा वाट तीच आहे. बहुधा आधी खजिना.