ताईची सुट्टी परळमध्ये

दोस्तांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही काय करता? मामाचा गाव, आंबे आणि दिवसभर क्रिकेट! बरोबर ना? माझी एक भाची आहे. समाजकार्याच्या कॉलेजात शिकते. तिनं मात्र अख्खी सुट्टी मुंबईला परळमध्ये घालवली, कर्करोगाच्या रुग्णांना मदत करणाऱ्या एका छोट्या संस्थेत. याला म्हणतात इंटर्नशिप. म्हणजे पुस्तकात वाचलेलं प्रत्यक्ष काम करून शिकायचं. पगार नाही, परीक्षा मात्र रोज!

परळच का? तिथं १९४१ साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण तिथं येतात. डॉक्टर आहेत, औषधं आहेत. पण परगावच्या माणसानं रात्री पाठ कुठं टेकायची? मुंबईतलं भाडं न परवडणारी कुटुंबं फुटपाथवरही दिवस काढतात. म्हणून तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्णांची सोय होते. २००६ साली सुरू झालेली सेंट ज्यूड ही संस्था लहान रुग्णांना आईबाबांसह मोफत राहायला जागा देते.

भाचीला वाटलं होतं, आपण मुलांचे अश्रू पुसू, त्यांना धीर देऊ. पहिल्याच दिवशी दहा वर्षांचा एक मुलगा भेटला. डोक्यावर एकही केस नाही, तोंडाला मास्क. ती त्याला म्हणाली, "घाबरू नकोस हं, सगळं छान होईल."

तो म्हणाला, "ताई, तुला कसं माहीत?"

झालं! बाईसाहेब गप्प. मग तोच म्हणाला, "कॅरम येतो का तुला?" आणि दोघांची गट्टी जमली.

या मुलाला होता रक्ताचा कर्करोग, ल्यूकेमिया. आपलं रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. तिथं बिघडलेल्या पेशी भराभर वाढू लागतात आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. औषधं या भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. पण केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही भराभर वाढतात ना? म्हणून त्याही सापडतात आणि केस गळतात. औषध थांबलं की पुन्हा उगवतात, बरं का!

भाचीचं रोजचं काम काय? सरकारी योजनेचे अर्ज भरायचे, रेल्वेच्या सवलतीचे कागद जमवायचे, नव्या माणसांना रुग्णालयाची खिडकी दाखवायची. संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायचा.

जूनच्या सुरुवातीला मुलाचे बाबा बोचकं बांधूनच ऑफिसात आले. परभणीकडचे शेतकरी. म्हणाले, "मॅडम, चार महिने झाले. ताप गेला, पोरगं जेवतंय, तोंडावर रंग आलाय. पेरण्या तोंडावर आल्यात. आम्ही निघतो."

भाचीच्या पोटात गोळा आला. या आजाराचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. अर्धवट सोडले तर आजार उलटतो, आणि मग तो आवरणं फार कठीण. हे ती घाईघाईनं सांगायला लागली, पण बाबा मान खाली घालून नुसते ऐकत राहिले.

तेवढ्यात संस्थेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "दादा, तुमच्या रानात हराळी आहे का हो?"

"आहे की! लई वाईट. वरून साफ केली तरी बोटभर मुळी राहिली की पुन्हा सगळं रान तिचंच."

बाई काहीच बोलल्या नाहीत. बाबाही थोडा वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "पण पेरणी कोण करणार?"

खरा प्रश्न हा होता! मग तिघांनी बसून हिशेब मांडला. आई मुलाजवळ थांबेल, बाबा एकटे गावी जातील, भाऊबंदांच्या मदतीनं पेरणी उरकून परत येतील. आणि ते आले, अकराव्या दिवशी.

भाची मला म्हणाली, "मावशी, मी त्यांना आजार समजावत होते. त्यांना काय अडलंय, हे विचारलंच नव्हतं."

पालकहो, श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या दर १०० मुलांपैकी ८० हून अधिक बरी होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरीब देशांत हे प्रमाण खूपच कमी आहे. उपचार मध्येच सुटणं, हे त्याचं एक मोठं कारण आहे. सगळीच मुलं वाचत नाहीत, हेही भाचीनं त्या सुट्टीत पाहिलं. त्याविषयी ती फारशी बोलत नाही.

आपला कॅरमपटू अजून उपचार घेतोय. एक दिवस तो शाळेत परत जाईल. तुमच्याही वर्गात असा एखादा मित्र टोपी घालून येईल. तेव्हा काय कराल? त्याच्या शेजारी बसा. कर्करोग त्याच्याकडून तुम्हाला होत नाही. मात्र तुमची साधी सर्दी त्याला आजारी पाडू शकते. तेव्हा शिंका येत असतील तर चार दिवस लांबूनच हात हलवा. आणि बरे झालात की त्याला विचारा, "कॅरम येतो का तुला?"