गोठे गेले, पांजरपोळ राहिली

मुंबई, प्रतिनिधी – भुलेश्वरच्या गर्दीतून माधवबागेकडे वळले, की दागिन्यांच्या आणि कापडाच्या दुकानांमध्येच हिरव्या चाऱ्याचा व शेणाचा वास येऊ लागतो. जमिनीला सोन्याचा भाव असलेल्या या परिसरात आजही गायींचा गोठा आहे. मुंबई पांजरपोळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेची स्थापना १८३४ मध्ये झाली.

तिचे मूळ मात्र गायींत नव्हे, कुत्र्यांत आहे. शहरातील भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी आदेशावरून जून १८३२ मध्ये कोटात दंगल उसळली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने पाळीव कुत्रीही सुटत नव्हती. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने दुकाने बंद ठेवली आणि अखेर लष्कराला पाचारण करावे लागले. यातून मार्ग काढण्यासाठी जमशेटजी जीजीभॉय व जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद यांनी पुढाकार घेतला आणि बेवारस, जखमी व म्हाताऱ्या जनावरांसाठी हा आसरा उभा राहिला. भायखळ्याचे आदीश्वर जैन मंदिर बांधणारे मोतीशा शेठ ते हेच. संस्थेच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वेच्छेने लागा बसवला होता. शहराचा व्यापार वाढला, तशी जनावरांच्या चाऱ्याचीही तजवीज होत गेली.

त्या काळी जनावरांवाचून मुंबईचे पान हलत नसे. माल बैलगाडीतून जाई, दूध वस्तीतल्याच तबेल्यांतून येई आणि १८७४ मध्ये सुरू झालेल्या ट्रामगाड्या घोडे ओढत असत. त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. पुढे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून घोडपदेवपासून जवळच असलेल्या परळमध्ये बाई साकरबाई पशुरुग्णालय उभे राहिले. १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालय व महाविद्यालय ही दोन्ही परळची जुनी ओळख आहे.

जनावरे मात्र टप्प्याटप्प्याने शहराबाहेर गेली. १९०७ मध्ये विजेवरची ट्राम आली. स्वातंत्र्यानंतर तबेल्यांतील म्हशी हलवण्यासाठी आरे दुग्धवसाहत वसवण्यात आली. वांद्र्याचा कत्तलखाना १९७१ मध्ये देवनारला गेला. नागरी भागात गुरे पाळण्यावर १९७६ च्या राज्य कायद्याने नियंत्रण आले. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या आणि घोड्यांच्या टापांचा आवाजही रस्त्यांवरून हद्दपार झाला.

या स्थलांतराला कारणे होती. दाट वस्तीत शेणामुताचा निचरा, पाणी आणि रोगराईचे प्रश्न गंभीर होते. जनावरांनाही अंधाऱ्या, कोंदट जागेत राहावे लागे. त्यामुळे जतनाचा अर्थ जुने तबेले परत आणणे असा होऊ शकत नाही.

तरीही प्रश्न उरतोच. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. पण अशी नियमावली प्रामुख्याने वास्तूचे रक्षण करते, वास्तूत चालणाऱ्या कामाचे नाही. दर्शनी भिंत, कमान, लाकडी खांब यांची यादी करता येते. रोजचा चारा, पाणी आणि पशुवैद्याचा पगार यादीत बसत नाही. गाडी ओढणारी, दूध देणारी जनावरे शहरातून गेली. पांजरपोळीत राहिली ती मुळातच ज्यांच्यापासून काही उत्पन्न नाही अशी. उत्पन्नाचा हिशेब येथे सुरुवातीपासूनच नव्हता, म्हणून बाजाराचे भाव बदलले तरी ही संस्था टिकली. मात्र ती दानावर आणि विश्वस्तांच्या निष्ठेवर अवलंबून आहे. ज्या दिवशी जागेची किंमत हाच एकमेव हिशेब ठरेल, त्या दिवशी भिंती वाचतीलही. पण पांजरपोळ हे केवळ गल्लीचे नाव उरेल.