शेडमधली पद्मिनी

निवृत्तीनंतर वडिलांनी कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली जुनी प्रीमियर पद्मिनी दुरुस्तीला काढली, म्हणून आपण धास्तावला असाल. लातूर असो वा नांदेड, घरच्यांची तक्रार एकच: ‘या वयात कशाला?’ मी मात्र हा छंद मोडू नका असेच सांगतो. कार्ब्युरेटर खोलताना बोटे आणि स्मृती दोन्ही कामाला लागतात.

धोका निराळाच आहे. शेडचे दार लावून इंजिन कधीही चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि आपण ‘पित्त’ म्हणून लिंबू-सरबत देत बसतो. अशा वेळी त्यांना तत्काळ मोकळ्या हवेत आणून रुग्णालय गाठावे. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास गंजक्या पत्र्याला हातमोज्यांशिवाय स्पर्श नको.