रेवेचे गाणे, रॉकच्या सुरावटीत

रायपूर शहराची तहान भागवणारी खारून नदी शिवनाथेला मिळते, शिवनाथ महानदीला आणि महानदी पूर्वेकडील बंगालच्या उपसागराला. याच शहराच्या उत्तरेस, बिलासपूर आणि पेंड्रा रोड ओलांडून गेले की मैकल पर्वताच्या माथ्यावर अमरकंटक लागते. तेथे उगम पावणारी नर्मदा मात्र पश्चिमेची वाट धरते. मैकलची कन्या म्हणून ती ‘मेकलसुता’ आणि खडकांवरून उड्या घेत धावते म्हणून ‘रेवा’. १,३१२ किलोमीटरच्या तिच्या प्रवासात काठावरच्या माणसांनी किती गीते रचली, याची गणती नाही. त्यांपैकी एक पारंपरिक गीत २००० साली कॅसेट आणि सीडीवरून देशभरातील तरुणांपर्यंत पोहोचले. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या रॉक वाद्यवृंदाचे ‘मा रेवा’ ते हेच.

निसर्गाची कैफियत, गाण्यातून

पर्यावरणाची चिंता लोकप्रिय संगीतातून मांडण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत १९७० च्या सुमारास रुजली. कॅनडाच्या जोनी मिचेल यांनी हवाई बेटावर हिरव्या डोंगरांच्या पायथ्याशी पसरलेला वाहनतळ पाहिला आणि त्या विषादातून ‘बिग यलो टॅक्सी’ हे गीत लिहिले. ते १९७० मध्ये स्वतंत्र तबकडीच्या रूपाने प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या मार्विन गे यांनी दूषित हवा आणि समुद्रात पसरणारे तेल यांविषयीचे गीत गायिले. आपल्याकडे अशा एकेका गाण्याच्या तबकडीची बाजारपेठ प्रामुख्याने चित्रपटगीतांची होती. त्यामुळे चित्रपटाबाहेरचे गाणे बहुधा एखाद्या संग्रहाचा भाग म्हणूनच श्रोत्यांच्या हाती येई. ‘मा रेवा’ही ‘कंदिसा’ या संग्रहातून आले.

प्रयोगशाळेतून नदीकाठी

सुस्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला व गायन यांच्या मैत्रीतून १९९० मध्ये ‘इंडियन ओशन’ची स्थापना झाली. पुढे बास गिटार घेऊन राहुल राम आणि ड्रम्स सांभाळणारे अमित किलम त्यांना येऊन मिळाले. राहुल राम यांची पार्श्वभूमी गायकाच्या ठायी विरळाच आढळणारी. आयआयटी कानपूर येथे रसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. मिळवली. मायदेशी परतल्यावर नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात ते नर्मदा बचाव आंदोलनात सहभागी झाले. नर्मदाकाठची गाणी त्यांच्या कानी पडली ती या काळात.

मराठी वाचकाला हे आंदोलन परके नाही. मेधा पाटकर यांचे नेतृत्व त्याला लाभले होते. आनंदवनाचे बाबा आमटे १९९० मध्ये नर्मदेकाठी कसरावद येथे जाऊन राहिले. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्रातील ३३ गावे होती. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे त्यांपैकीच एक.

घोषणा नसलेले गीत

‘मा रेवा’ हे मुळात निषेधाचे गीत नव्हे. अमरकंटकाहून निघणाऱ्या, निर्मळ पाण्याने खळाळत वाहणाऱ्या आणि लोकांची सेवा करणाऱ्या मातेची ती स्तुती आहे. तबला, गिटार आणि ड्रम्स यांच्या साथीने वाद्यवृंदाने ती नव्या पिढीपुढे ठेवली. मूळ शब्दांचा साधेपणा त्यांनी जपला आणि बहुधा त्यामुळेच ते गीत दूरवर पोहोचले. ज्याने नर्मदा कधी पाहिली नाही, त्यालाही नदी ही कुणाची तरी आई असते, हे उमगले.

हिशेब आणि हिशेबाबाहेरचे

नर्मदेच्या पाण्याचा हिशेब १९७९ च्या लवादाने मांडला होता. एकूण २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ असा वाटा ठरला. विजेचा २७ टक्के वाटाही महाराष्ट्राच्या पदरी आला. कच्छ-सौराष्ट्राच्या तहानलेल्या गावांसाठी हे पाणी वरदान होते, तर बुडीतातील आदिवासी कुटुंबांसाठी ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनीचे विसर्जन. दोन्ही बाजूंची वेदना खरी होती. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने धरणाच्या बांधकामास परवानगी दिली. २०१७ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले.

त्या निकालानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. नदी कुणाची, हा प्रश्न नव्या राज्याच्या दाराशी आधीपासूनच उभा होता. १९९८ मध्ये दुर्गजवळील शिवनाथ नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा पाणीपुरवठ्याच्या करारान्वये एका खासगी कंपनीकडे सोपवण्यात आला होता. काठावरच्या मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना आपल्याच नदीवर मज्जाव होऊ लागला. मोठ्या विरोधानंतर २००३ मध्ये राज्य सरकारने तो करार रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला.

गाणे उरते

डिसेंबर २००९ मध्ये असीम चक्रवर्ती यांचे निधन झाले. २०१३ मध्ये सुस्मित सेनही वाद्यवृंदातून बाहेर पडले. तरीही वाद्यवृंद थांबला नाही. २०२३ मध्ये त्याचा नवा संग्रह प्रसिद्ध झाला.

एका गाण्याने धरण थांबत नाही आणि नदी शुद्धही होत नाही. लवादाच्या तक्त्यात पाणी मोजता येते, विजेचे वाटे पाडता येतात. नदीवरची माया मात्र कोणत्याही खात्यात जमा दाखवता येत नाही. ‘मा रेवा’ने ती माया शहरातल्या श्रोत्याच्या नावे लिहून ठेवली. गीतात नदीला ‘निर्मळ’ म्हटले आहे. हे विशेषण खरे ठेवण्याचे काम नर्मदेच्या काठावर जितके आहे, तितकेच खारूनच्या काठावरही आहे.