कारवानी कुत्रा: शिकारी वंशाचा घरोबा

मराठवाडा व दक्षिण महाराष्ट्रात ‘कारवान’ म्हणून परिचित असलेली, आणि मुधोळ संस्थानात घोरपडे राजघराण्याच्या आश्रयाने ‘मुधोळ हाउंड’ या नावाने कीर्ती पावलेली ही सडपातळ, लांब पायांची जात गंधापेक्षा दृष्टीवर विसंबून भक्ष्याचा पाठलाग करते; २००५ साली टपाल खात्याने तिच्या गौरवार्थ तिकीटही काढले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस मनाई झाली, तरी रक्तातला वेग ओसरत नाही. म्हणून तानसा अभयारण्य ज्या शहापूर तालुक्यात येते तेथे, भातसानगरासारख्या वस्तीत, हा प्राणी पाळू इच्छिणाऱ्याने त्याच्या रोजच्या धावण्यासाठी कुंपण घातलेल्या जागेची तजवीज आधी करावी. दूरवर ससा हलला की त्याची मान ताठ होते, शेपटी स्थिरावते, आणि मग धन्याची हाक त्याच्या कानी पडत नाही. सबब वनखात्याच्या हद्दीत त्यास दोरीवाचून नेणे हा त्या मुक्या जिवांवर आणि कुत्र्यावरही अन्यायच होय. घरात मात्र तो शांत, अबोल आणि माणसांचा लोभी असतो. त्याच्या अंगावर केस विरळ, म्हणून पावसाळ्यात त्यास कोरडी जागा द्यावी. बिबट्याचा वावर असल्याने रात्री अंगणात बांधू नये, आणि रेबीजची लस दरवर्षी न चुकता टोचून घ्यावी.